अंतःस्तर व रक्तवाहिन्यांचे शिथिलीकरण

रक्तवाहिन्यांच्या आतील पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. हा थर म्हणजे रक्त आणि वाहिनीची भिंत यांमधले केवळ अस्तर होय, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. प्रत्यक्षात वाहिनी केव्हा व किती सैल व्हावी, हे ठरवण्यात या थराचा मोठा वाटा असतो.

शोध

अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीवर प्रयोग करत. अॅसिटिलकोलीन जिवंत प्राण्याला टोचल्यास रक्तदाब उतरतो, म्हणजे वाहिन्या रुंदावतात. परंतु फर्चगॉट यांच्या प्रयोगांत महारोहिणीच्या सुट्या पट्ट्या याच रसायनाने आकुंचन पावत. ही विसंगती अनेक वर्षे उकलली नव्हती. १९७८ मध्ये प्रयोगाच्या क्रमात सहायकाकडून चूक झाली आणि त्या वर्गातील औषधाने पट्टीऐवजी वापरलेली कडी शिथिल झाल्याचे दिसले. पट्ट्या कापताना आतील बाजू घासली जात असे व अंतःस्तर निघून जात असे, हे त्यानंतर ध्यानात आले. दोष रसायनात नव्हता, हाताळणीत होता.

यापुढचा प्रयोग साधा पण निर्णायक आहे. अंतःस्तर काढलेली पट्टी अंतःस्तर शाबूत असलेल्या पट्टीला आतील बाजूने चिकटवून ठेवली असता पहिली पट्टीही शिथिल झाली. अर्थात, अंतःस्तरातून एखादे द्रव्य बाहेर पडून शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होते. फर्चगॉट व जॉन झवाडझ्की यांनी १९८० मध्ये अंतःस्तराची ही आवश्यकता प्रसिद्ध केली. हे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड असावे, असे १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचवले. १९८७ मध्ये साल्वादोर मोंकादा व सहकाऱ्यांनी त्याला रासायनिक पुरावा दिला. १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व फरीद मुराद यांना मिळाले. मोंकादा यांना वगळल्याबद्दल टीका झाली.

कार्यपद्धती

वाहत्या रक्ताचे घर्षण किंवा अॅसिटिलकोलीनसारखा संदेश यांमुळे अंतःस्तरातील नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर कार्यान्वित होते. दुसऱ्या प्रकारात पेशीतील कॅल्शियमची वाढ त्याला कारणीभूत ठरते. हे विकर आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा वायू पेशीपटलातून सहज पार होऊन खालच्या अरेखित स्नायूपेशींत शिरतो व ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चालना देतो. त्यामुळे चक्रीय जीएमपी वाढते, स्नायूतील कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. वायूचे आयुष्य अवघे काही सेकंदांचे असते. हिमोग्लोबिन त्याला लगेच निष्क्रिय करते.

अंतःस्तर प्रोस्टासायक्लीन हे दुसरे शिथिलकही स्रवतो. तोच एंडोथेलीन हे प्रबळ आकुंचकही निर्माण करतो.

वैद्यकीय महत्त्व

धूम्रपान, मधुमेह व रोहिणीकाठिण्य यांत अंतःस्तराचे हे कार्य बिघडते. अशा रुग्णाच्या हृदयरोहिणीत अॅसिटिलकोलीन सोडल्यास ती रुंदावण्याऐवजी आकसू शकते. प्रयोगशाळेतील घासलेल्या पट्टीचीच ही अवस्था. नायट्रोग्लिसरीन मात्र तेथेही उपयोगी पडते, कारण त्यापासून मिळणारे नायट्रिक ऑक्साइड अंतःस्तरावर अवलंबून नसते. मुराद यांनी १९७७ मध्ये या औषधाची ही क्रिया दाखवली होती. याच द्रव्यापासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयविकारासाठी तेच औषध म्हणून सुचवण्यात आले होते.