घरांत कादंबरीस जागा हवी

कादंबऱ्यांनीं मुलें बिघडतात, हा समज फार जुना आहे. मुलाच्या हातीं पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक दिसलें कीं आमच्या भिवंडींतील कित्येक व्यापारी गृहस्थांच्या कपाळास आजही आठी पडते. परीक्षेस किंवा पेढीस त्याचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल असतो. आमचें म्हणणें असें कीं, कादंबरी प्रथम आनंदासाठींच वाचावी. औषधाच्या गोळीप्रमाणें दिलेलें बोधपर पुस्तक मुलगा दहाव्या पानावर मिटतो. आणि या वयांत तुटलेली वाचनाची गोडी पुन्हा लागणें कठीण. म्हणून वडील मंडळींनीं व मुलामुलींनीं एकच प्रत आळीपाळीनें वाचावी, अशा कांहीं कादंबऱ्या येथें सुचवितों.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ज्या पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली, तें १८९० सालीं निघालें व त्याचें नांवच ‘करमणूक’ होतें. परंतु यमूची कर्मकहाणी तिच्याच तोंडून ऐकतांना विधवांच्या छळाची जी चीड येते, ती शंभर व्याख्यानांनींही येणार नाहीं. करमणूक व सुधारणा यांचें वैर नाहीं, याचा आणखी पुरावा कशास हवा?

इतिहासाची आवड असणाऱ्यांनीं रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) घ्यावी. सोळाव्या वर्षीं पेशवाईचा भार शिरीं घेणारा माधवराव आजच्या सोळा वर्षांच्या मुलास परका वाटणार नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) लहानशीच आहे. धनगरांच्या वाडीवर गेलेला कोंवळा मास्तर व तेथील दुष्काळ एकदां वाचले कीं विसरत नाहींत. ज्यांस विज्ञानाचें कुतूहल आहे, त्यांनीं जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही यंत्रमानवाची कथा अवश्य वाचावी.

अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) मात्र भिवंडीच्या घरोघरीं असावी. शाळेचें तोंड जेमतेम पाहिलेल्या व मुंबईच्या गिरणींत राबलेल्या लेखकाची ती कृति आहे. उपाशी माणसांसाठीं इंग्रजी सत्तेशीं झुंजणाऱ्या फकिराची हकीकत रात्र जागवून वाचावी अशी रंगतदार आहे. ज्या शहराचें पोट यंत्रमागावर चालतें, तेथें मागावर उभा असलेला माणूस केवळ हजेरीपटावरील नांव नव्हे, हें मालकाच्या मुलास कळावयास नको काय? उपयोगच पाहावयाचा, तर हा उपयोग लहान नव्हे.

लक्ष्मीपूजनास आपण नव्या चोपड्या आणतों. यंदा त्यांच्यासोबत एक कादंबरी आणावी. जमाखर्चांत ती खर्चाच्या बाजूस पडेल खरी. परंतु आधीं ती स्वतः वाचून मग मुलाच्या हातीं द्यावी, आणि मुलीच्या हातून ती काढून घेऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.