चेनकप्पी : हाताला न कळणारे ओझे

लालबाग-परळच्या एखाद्या गॅरेजवरून जाताना तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. वर लोखंडी तुळई, तिला टांगलेली एक लठ्ठ पेटी आणि पेटीतून लोंबणाऱ्या दोन साखळ्या. एकटा माणूस एक साखळी खळखळ ओढतो आहे आणि ट्रकचे अवजड इंजिन तसूतसूने वर चढते आहे. तो मध्येच साखळी सोडून घाम पुसतो, तरी इंजिन खाली येत नाही! या यंत्राला कारखान्यात ‘चेनब्लॉक’ किंवा ‘चेनपुली’ म्हणतात. आपण त्याला चेनकप्पी म्हणू.

ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस वेस्टन याने भेददर्शी चेनकप्पी शोधून काढली. तिची युक्ती साधी आहे. एकाच आसावर दोन चाके पक्की जोडलेली असतात. समजा, मोठ्या चाकाला 12 खाचा आहेत आणि लहान चाकाला 11. चाकांचा एक फेरा झाला, की मोठे चाक साखळीच्या 12 कड्या वर ओढते, तर लहान चाक 11 कड्या खाली सोडते. ओझ्याला पेलणारा वेढा एका कडीने आखूड होतो आणि ओझे अर्धी कडी वर जाते. आपण 12 कड्या ओढल्या, ओझे मात्र अर्धी कडी चढले. म्हणजे जोर 24 पट झाला! अर्थात फुकट काही मिळत नाही. ओझे 1 मीटर चढवायचे तर 24 मीटर साखळी ओढावी लागते.

या हिशेबाने 240 किलोच्या ओझ्याला 10 किलोची ओढ पुरायला हवी. प्रत्यक्षात घर्षणामुळे 25 किलोच्या आसपास लागते. म्हणजे निम्म्याहून अधिक श्रम घर्षणात जातात. हे नुकसानच वाटते, नाही का? पण गंमत अशी, की हेच घर्षण ओझे धरून ठेवते. ज्या यंत्रात निम्म्याहून अधिक श्रम घर्षणात जातात, ते ओझ्याच्या भाराने उलटे फिरत नाही.

आजच्या चेनकप्पीत दातेरी चाके असतात. त्यांत घर्षण थोडे, म्हणून 1000 किलोचे ओझे सुमारे 30 किलोच्या ओढीने उचलता येते. पण घर्षण कमी झाले, की ओझे उलटे फिरू पाहणारच! म्हणून आत वेगळा ब्रेक बसवावा लागतो. ओझे जितके जड, तितक्या जोराने ब्रेकच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. उचलताना ‘टिक्‌टिक्’ आवाज येतो, तो दातेरी चाकावरून उड्या मारणाऱ्या खिट्टीचा. ही खिट्टी चाकाला मागे फिरू देत नाही.

आता खरा धोका पाहा. हाताने पोते उचलताना ते किती जड आहे हे पाठ आणि मनगट लगेच सांगतात. चेनकप्पी 1000 किलोचे 30 किलो करून दाखवते. साखळी झिजली असली, तरी हाताला काहीच कळत नाही. म्हणून हाताचे काम डोळ्यांनी आणि मोजपट्टीने करावे लागते.

जाणता कारागीर पहिल्यांदा आकडा पाहतो. आकड्याचे पोलाद मुद्दाम चिवट असते. भार जास्त झाला, तर ते एकदम तुटण्याऐवजी आधी वाकते. म्हणून आकड्याचे तोंड मूळ मापापेक्षा 5 टक्के रुंदावले किंवा आकडा पिळला गेला, की तो बाद. ठोकून सरळ करायचा नाही. मग साखळीची पाळी. कडीची जाडी 10 टक्के झिजली, की साखळी बाद धरतात. एवढ्याशा झिजेचे काय, असे वाटेल. पण छेदाचे क्षेत्रफळ जाडीच्या वर्गावर ठरते. 0.9 × 0.9 = 0.81, म्हणजे 19 टक्के पोलाद गेले! (नेमकी मर्यादा त्या त्या कप्पीच्या पुस्तिकेत दिलेली असते.) तुटलेल्या कडीच्या जागी नटबोल्ट घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

तेलाचीही एक खुबी आहे. साखळीला तेल हवे, कारण कड्या एकमेकींवर घासतात. पण सामान्यतः ब्रेकच्या चकत्या कोरड्याच हव्यात. तिथे तेल गेले, की ओझे घसरलेच म्हणून समजा.

हाताकडेही एक निरोप येतो बरे का! ठरलेल्या भारापर्यंत एका माणसाची ओढ पुरते. साखळीला दोघे-तिघे लोंबकळू लागले, तर ओझे जास्त आहे किंवा यंत्र अडले आहे. अशा वेळी जोर लावायचा नाही, थांबायचे. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, उभे राहायचे नाही.

1948 च्या कारखाने कायद्याने अशा यंत्रांवर सुरक्षित भार ठळक लिहिणे, 12 महिन्यांतून निदान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी करून घेणे आणि तिची नोंद ठेवणे बंधनकारक केले. लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी चेनकप्पी गेलेली नाही. गॅरेजांत आणि उंच इमारतींत लिफ्टची यंत्रे बसवताना ती आजही लागते.

तुम्ही स्वतः चेनकप्पीला हात लावू नका. पण तिच्या तपासणीचा धडा सायकलवर गिरवता येईल. सायकलच्या नव्या चेनच्या पहिल्या पिनेच्या मध्यापासून 25व्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर 304.8 मिलिमीटर असते. चेन ताणून धरून तुमच्या सायकलवर ते मोजा. 308 भरले, तर चेन 1 टक्का लांबली आहे, ती बदलायला हवी. एकेका जोडाची झीज डोळ्यांना दिसत नाही, 24 जोडांची बेरीज मात्र पट्टीवर दिसते. चेनकप्पीची साखळीही अशीच, अनेक कड्या एकत्र धरून मोजतात. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या सायकली मोजून पाहा आणि आकडे फळ्यावर मांडा. किती चेन बाद ठरतात बरे?