खानावळीचा हिशेब आणि तीस बाट

महिन्याचे पैसे आगाऊ घेणारी खानावळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जगातल्या एका मोठ्या वादाची निम्मी उकल आधीच ठाऊक आहे. खानावळीच्या काकू कुणाच्या पोळ्या मोजत नाहीत. कुणी चार खातो, कुणी आठ. कुणी शनिवार-रविवार गावी जातो, कुणी पाहुण्याला घेऊन येतो. तरी प्रत्येकी रक्कम एकच, आणि खानावळ वर्षानुवर्षं चालते. एक माणूस उद्या किती जेवेल हे काकूंना सांगता येत नाही, पण चाळीस माणसं मिळून किती जेवतील हे त्या झोपेतसुद्धा सांगतील.

आजारपणाचं गणितही असंच आहे. माझा पाय पुढच्या वर्षी मोडेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण पाच लाख लोकांच्या जिल्ह्यात साधारण किती जणांचे पाय मोडतील, किती बाळंतपणं होतील, किती जणांना न्यूमोनिया होईल, याचा अंदाज फारसा चुकत नाही. एकेकट्याच्या आयुष्यात जो दैवाचा घाला, तो समूहाच्या वहीत सरासरीचा साधा आकडा होतो. मला हे आजही अद्‌भुत वाटतं.

सरकारने सगळ्यांच्या उपचारांचा भार उचलायचा म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: परवडणार कसं? अमेरिकेत ओबामांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याच्या आधी आणि नंतरही याच प्रश्नावरून रान पेटलं. पण हा प्रश्न सर्वांत अवघड वेळी अंगावर घेतला तो थायलंडने. २ जुलै १९९७ रोजी बाट या त्यांच्या चलनाचा बांध फुटला आणि साऱ्या पूर्व आशियाला हादरे बसले. त्यानंतर अवघ्या साडेतीन वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये, थाकसिन शिनावात्रांच्या पक्षाने निवडणूक जिंकली. त्यांचं एक वचन होतं: तीस बाट द्या, कुठल्याही आजारावर उपचार घ्या. तीस बाट म्हणजे तेव्हाचे आपले तीस-पस्तीस रुपये. जवळजवळ तीस टक्के लोकांना तोवर कसलंच संरक्षण नव्हतं. देश दिवाळखोरीत जाईल, असं बजावणारे अनेक होते, आणि त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. तिजोरीची अवस्थाच तशी होती.

एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत सुरुवात झाली. वर्षभरात योजना देशभर पोचली. पैसा आला तो सर्वसाधारण करांतून, वेगळा हप्ता गोळा न करता. मग परवडलं कसं?

तीस बाटांतून नाही. ती रक्कम नावापुरती होती. खरा आकडा वेगळा होता: १,२०२ बाट. एका माणसामागे, एका वर्षाला. तेव्हाच्या दराने साधारण साडेतेराशे रुपये. तो काढण्याची रीत इतकी सरळ आहे की शाळेतल्या मुलालाही समजावी. घरोघरच्या सर्वेक्षणांतून कळलं की माणूस वर्षात सरासरी किती वेळा डॉक्टरकडे जातो आणि किती वेळा अ‍ॅडमिट होतो. रुग्णालयांच्या वह्यांतून कळलं की एका खेपेला काय खर्च येतो. गुणाकार केला, बेरीज केली, रोगप्रतिबंधाचा खर्च मिळवला. आपल्या भाषेत यासाठी ‘दरडोई’ असा नेमका शब्द आहे. मोजायच्या त्या डोया. आजार मोजायचे नाहीत.

आता यातली खरी करामत. माणूस आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाशी आणि त्याच्या हाताखालच्या आरोग्य केंद्रांशी जोडलेला. बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे त्या रुग्णालयाकडे डोया मोजून आधीच जमा. म्हणजे पैसा आजाराच्या आधी पोचतो. हा क्रम उलटला की सगळंच उलटतं. बिलागणिक पैसे मिळतात तेव्हा रुग्णालयाची कमाई आजारात असते: आणखी एक तपासणी, आणखी एक महागडी गोळी. दरडोई पैसे मिळतात तेव्हा एखाद्या आजोबांची साखर आटोक्यात राहिली, त्यांचा पाय कापावा लागला नाही, तर रुग्णालयाचंच भलं.

पण खानावळीत जेवलेल्या कुणालाही पुढची शंका येईल: मग वरण पातळ होणार नाही का? होऊ शकतं. म्हणून अ‍ॅडमिट रुग्णांसाठी त्यांनी वेगळी रीत लावली. वर्षाची एकूण रक्कम आधी ठरवायची आणि प्रत्येक उपचाराला गुण द्यायचे. साध्या बाळंतपणाला कमी, हृदयाच्या शस्त्रक्रियेला जास्त. पैसे गुणांच्या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे उपचार टाळून फायदा नाही. आणि उलट सगळ्यांनीच विनाकारण रुग्ण भरती केले तर एका गुणाची किंमत घसरते, तिजोरीला भोक पडत नाही. तरी वरण पातळ झालंच, तर तक्रारीसाठी १३३० हा फोन नंबर.

ही रीत खरंच फरक पाडते का, याचा पुरावा थायलंडमध्ये शेजारीच उभा आहे. सरकारी नोकर आणि त्यांच्या कुटुंबीयांची योजना निराळी, आणि तिथे बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे बिलागणिक मिळत आले. देश तोच, अनेकदा रुग्णालय आणि डॉक्टरही तेच. पण त्या योजनेचा माणशी खर्च कित्येक पटींनी जास्त.

अर्थात, नुसत्या हिशेबाने ताप उतरत नाही. रुग्णालय लागतं. १९८० च्या दशकात थायलंडने शहरांतल्या नव्या मोठ्या रुग्णालयांचा पैसा काही वर्षं रोखून तो तालुक्यांकडे वळवला होता, आणि नव्या डॉक्टरांना त्याआधीपासूनच गावाकडची सेवा बंधनकारक होती. सांग्वान नित्तयारम्पोंग हे असेच एक तरुण डॉक्टर, ईशान्येकडच्या सी साकेत प्रांतातल्या रासी सलाई या कोरडवाहू भागात गेलेले. उपचारांपायी माणसं कशी जमीन विकतात, ते त्यांनी तिथे पाहिलं. पुढे आरोग्य मंत्रालयात गेल्यावर त्यांनी अयुथ्थया इथे प्रयोग केले, योजनेचा आराखडा तयार केला आणि तो घेऊन राजकीय पक्षांचे उंबरठे झिजवले. थाकसिन यांनी तो उचलला. श्रेय पक्षाला मिळालं, पण माझ्या लेखी या गोष्टीचे नायक सांग्वान आहेत.

गरीब देशाला हे जमतं याचं एक कारण अमर्त्य सेन यांनी २०१५ मध्ये मांडलं होतं. प्राथमिक उपचार हे मुख्यतः माणसांच्या हातांचं काम. गरीब देशात पैसा कमी असतो हे खरं, पण परिचारिकेचा आणि डॉक्टरचा पगारही कमी असतो. म्हणजे खिसा जितका लहान, तितकी या सेवेची किंमतही लहान. कोविडपूर्व वर्षांत थायलंडचा आरोग्यावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या आसपास होता. अमेरिकेचा १७ च्या आसपास, आणि तिथे कोट्यवधी लोक विम्याविना.

तरीही ‘कुठलाही आजार’ हे वचन सुरुवातीला पूर्ण खरं नव्हतं. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं डायलिसिस योजनेबाहेर होतं. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं, तेही आयुष्यभर. हा खर्च अंदाजपत्रक गिळेल अशी भीती होती. जानेवारी २००८ मध्ये त्यावर तोडगा निघाला, आणि तो वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आपल्या पोटाच्या आत एक पातळ अस्तर असतं, तेच गाळणी म्हणून वापरता येतं. नळीवाटे पोटात द्रव सोडायचा, काही तास ठेवायचा, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून टाकायचा. दिवसातून साधारण चार वेळा, घरीच. शहरातलं यंत्र नको, प्रवास नको. पण जडशीळ द्रवाच्या पिशव्या खेड्यापाड्यांत पोचवायच्या कशा? त्या पोचवल्या टपाल खात्याने. सी साकेतच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दारात पोस्टमन त्याची मूत्रपिंडं घेऊन येऊ लागला.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत, त्या लपवू नयेत. सुरुवातीला दरडोई रकमेतच पगार धरल्यामुळे, माणसं जास्त असलेली शहरी रुग्णालयं अडचणीत आली. डॉक्टर खासगीकडे गेले, रांगा लांबल्या. आजही काही रुग्णालयं तोट्यात आहेत, लोकसंख्या झपाट्याने म्हातारी होते आहे, आणि दरडोई रक्कम तीन हजार बाटांच्या पुढे गेली आहे. दर वर्षी तिच्यावरून ओढाताण होते. मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते: ‘परवडेल का’ यावर कायमचा निकाल न देता दर वर्षी आकडा मांडून भांडायचं.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेकांना मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तारलं आहे, रुग्णालयात योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी ते दिसतं. पण तिचा पैसा मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर, ठरलेल्या उपचारासाठी मिळतो. रक्तदाबाची रोजची गोळी घरच्याच खिशातून येते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतात आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. थायलंडमध्ये हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. पुढच्या निवडणुकीत कुणी किती लाखांचं कवच देणार हे सांगू लागला, तर त्याला एवढं जरूर विचारा: दरडोई किती, आणि आजाराआधी की नंतर?

थायलंडमध्ये या हिशेबाने काय साधलं, ते जोनाथन ग्रुबर, नॅथनिएल हेंड्रेन आणि रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिथल्या प्रांतांचे आकडे तपासून दाखवलं. तीस बाटांच्या आधी गरीब प्रांतांत श्रीमंत प्रांतांपेक्षा जास्त तान्ही बाळं दगावत होती. योजना आल्यानंतर प्रांताची गरिबी आणि बाळांचे मृत्यू यांतला तो संबंध शून्यावर आला.