रत्नागिरीत जीवशास्त्र शिकायचंय? अर्धा वर्ग बाहेर आहे!

बारावीनंतर जीवशास्त्र घेणाऱ्यांनी रत्नागिरीचा विचार नक्की करावा. 1945 साली सुरू झालेलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय इथे आहे. शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं असून तिथे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी मिळते. पण या गावाची खरी श्रीमंती वर्गाबाहेर आहे.

🌿 भाट्ये खाडी: काजळी नदी समुद्राला मिळते तिथली कांदळवनं बघा. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं.

🌸 जांभ्याचे सडे: उन्हाळ्यात उजाड, पावसाळ्यात फुलांनी भरलेले. मातीचा थर पातळ, नत्र कमी. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात.

🦀 खडकाळ किनारा: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, शंख दिसतात. वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त मागे जातं, तेच दिवस निवडा.

वही, भिंग आणि न घसरणाऱ्या चपला घ्या. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. भरती सुरू झाली की लगेच वर या.

#रत्नागिरी #जीवशास्त्र #कोकण