रिमला भोके का पाडतात?

सायकलच्या चाकाला मुद्दाम भोके पाडणारी माणसे जगात आहेत, असे सांगितले तर दिवसभर पंक्चर काढीत बसणारा नाक्यावरचा दुकानदार हसेल. पण गोष्ट खरी आहे, आणि तिच्यात वेडेपणा नाही, हिशेब आहे. तो हिशेब आम्ही येथे मांडणार आहोत, कारण तो चाकापुरता राहत नाही.

या खेळाचे नाव ट्रायल, म्हणजे कसोटी. त्याचे मूळ मोटारसायकलीच्या कसोटीत आहे. 1914 साली इंग्लंडात यॉर्कशायरमधील कारखानदार आल्फ्रेड स्कॉट यांनी आपल्याच कामगारांना आव्हान दिले, की शिप्ले येथील कारखान्यातून निघून डोंगरवाटेने बर्न्सल गावापर्यंत गाडी नेऊन दाखवा. तीच पुढे स्कॉट ट्रायल म्हणून प्रसिद्धीस आली. सायकलीची कसोटी रुजली ती 1970 नंतरच्या दशकात, स्पेनमधील कॅटलोनियात. मोटारसायकलपटू पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याला मोटारसायकलीवरचे कसब साध्या सायकलीवर शिकवले, आणि त्यातून एक स्वतंत्र खेळ उभा राहिला.

यात शर्यत नसते. दगड, ओंडके, उंच चौथरे यांवरून सायकल न्यायची, पण पाय टेकायचा नाही. टेकला की दोष. खेळाडू उभ्यानेच सायकल चालवतो. पुष्कळ सायकलींना सीटच नसते. ब्रेक दाबून तो मागच्या चाकावर तोल धरतो, मग ब्रेक सोडून पॅडलला एकच झटका देतो आणि सायकलसकट पुढच्या दगडावर उडी घेतो. दगडावर आपटल्याचा मार सोसावा म्हणून मागचे टायर रुंद असते आणि त्यात हवा कमी ठेवतात. रुंद टायरला रुंद रिम लागते, आणि रुंद रिम म्हणजे जड रिम. अडचण येथे सुरू होते.

चाकाच्या घेरातले वजन दुहेरी भोवते. सायकल चालू लागली म्हणजे रिम पुढे तर जातेच, शिवाय स्वतःभोवती फिरते. म्हणून रिममधल्या छटाकभर धातूला गती देण्यास सांगाड्यातल्या तेवढ्याच धातूच्या जवळजवळ दुप्पट शक्ती खर्चावी लागते. या खेळाडूला तर प्रत्येक उडीला थांबलेले चाक नव्याने हलवायचे असते, आणि वर ते उचलायचेही असते.

मग धातू काढायचा कोठून? चाकाच्या तारा रिमला सर्व बाजूंनी आत ओढीत असतात. त्यांचा ओढा तारेच्या भोकापाशी येतो. टायर धरण्याचे आणि वाकण्यास विरोध करण्याचे मोठे काम दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा करतात. दोन तारांच्या मधल्या पट्ट्यावर त्या मानाने भार कमी. म्हणून भोक तेथे, मधोमध आणि गोल. 1898 साली किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवून दिले, की ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. भोकाला टोकदार कोपरा असला तर तो त्याहूनही वाढतो. म्हणून जाणता कारागीर भोकाची कड कानशीने साफ करतो. तडा जातो तो तेथूनच.

समजा, दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या रिमला 20 मिलिमीटर व्यासाची 32 भोके पाडली, तर एका चाकामागे सुमारे 54 ग्रॅम वाचतात. आकडा लहान दिसतो. पण तो दिवसातून शेकडो वेळा उचलावा लागतो. भोकातून ट्यूब फुगून बाहेर येऊ नये म्हणून आतून मजबूत पट्टी बसवतात. हवा 20 पौंड असेल तर एका भोकावर पट्टीला सुमारे 10 पौंडांचा रेटा सोसावा लागतो. हवा 50 पौंड भरली तर तो 24 पौंडांवर जातो. म्हणूनच दुधाच्या कॅन वाहणाऱ्या किंवा कामावर नेणाऱ्या आपल्या सायकलीवर कोणी हा प्रयोग करू नये. तिचे चाक ओझे वाहण्यासाठी आहे. हलकेपणासाठी त्याची ताकद काढून घेणे परवडणारे नाही.

आणि ताकद जातेच. भोके पाडलेली रिम लवकर वाकते, लवकर तडकते. खेळाडू चाकाचे आयुष्य देऊन हलकेपणा घेतो. हा सौदा आम्हांला प्रामाणिक वाटतो, कारण भोक पाडायचे की नाही हे ठरवणारा आणि त्या चाकावर उभा राहणारा एकच असतो. चाक मोडले तर दात त्याचेच पडतील, हे त्याला ठाऊक असते.

कारखान्यात तसे नसते. धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालावे, असे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले. तरीही आमच्या माहितीच्या एका कारखान्यात काम भरभर व्हावे म्हणून प्रेसची जाळी काढून ठेवली होती. जाळी काढण्याचा हुकूम देणारा कचेरीत बसला होता. दोन बोटे गेली ती यंत्रावरच्या पोराची. तोही एक हिशेबच होता. परंतु वाचलेली मिनिटे एकाच्या वहीत जमा झाली आणि खर्च दुसऱ्याच्या हातावर पडला.

काटकसरीला आमचा विरोध नाही. जेथे भार नाही तेथला धातू काढणे हे शहाणपणच आहे. मात्र कोठे भार आहे हे आधी पाहावे, आणि जो त्यावर उभा राहणार त्याला विचारल्यावाचून ड्रिल हाती धरू नये.