तेल खाणारे जिवाणू

देवणी गावातल्या एखाद्या गॅरेजपुढची किंवा शेतातल्या डिझेल इंजिनाखालची माती पाहा. काळीकुट्ट, चिकट, गवताची काडी नाही. तरी ती मेलेली नसते. सुडोमोनाससारखे जिवाणू डिझेलमधल्या हायड्रोकार्बनवरच पोट भरतात. त्यांची विकरे तेलाच्या रेणूला आधी ऑक्सिजन जोडतात, मग त्याचे स्निग्धाम्ल होते आणि शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड व पाणी. सरळ साखळीचे रेणू लवकर संपतात; अनेक कड्यांचे जड रेणू वर्षानुवर्षे रेंगाळतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकली, शेकडो टन तेल सांडले. किनाऱ्याच्या सफाईत तेव्हा ‘टेरी’ या संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरले गेले. मक्याच्या बुरकुंडाच्या भुकटीत बसवलेला हा अशाच तेलखाऊ जिवाणूंचा समूह.

पण नुसते जिवाणू टाकून भागत नाही. तेलात कार्बन भरपूर, नत्र आणि स्फुरद नावालाच. ती दोन्ही वरून द्यावी लागतात. आपली काळी माती भिजली की तिच्यात हवा खेळत नाही, काम मंदावते. म्हणून डागाळलेली माती उकरून, कुजलेले शेणखत मिसळून, ओल राखत अधूनमधून खालीवर करावी. (देवणी गाईच्या मुलखात शेणखताला तोटा नसावा!) जळक्या ऑइलमधले धातू मात्र कोणताही जिवाणू नष्ट करू शकत नाही. तेव्हा असे ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका; डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्या.