केस खरे, कथा मात्र जुनीच!

‘द लायन किंग’ हा चित्रपट जुलै २०१९ मध्ये आपल्याकडे झळकला. १९९४ साली आलेल्या, हाताने रेखाटलेल्या कार्टूनपटाची ही नवी आवृत्ती. हिंदीत शाहरुख खान आणि त्याच्या मुलाने आवाज दिला म्हणून गाजावाजाही भरपूर झाला. आपल्या वस्त्यांतील मुलांनी तो पाहिला, आजही घरच्या टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहतात. मुले जे पुन्हा पुन्हा पाहतात ते मोठ्यांनी एकदा तरी नीट पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

प्रथम तंत्राबद्दल. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांच्या चमूने केनियात जाऊन प्राणी, गवत, प्रकाश यांचा अभ्यास केला. मग संगणकावर आधी प्राण्याचा सांगाडा, त्यावर स्नायू, त्यावर कातडी आणि शेवटी एकेक केस अशी रचना झाली. चालताना स्नायू हलला की वरची कातडी सरकते, हेही त्यात आले. छायाचित्रकार केलेब देशानेल डोळ्यांवर यंत्र चढवून त्या आभासी रानात हिंडले आणि खऱ्या जागी लावावा तसा कॅमेरा लावत गेले. जवळपास पंधराशे दृश्यांपैकी आफ्रिकेत प्रत्यक्ष कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एकच, आरंभीच्या सूर्योदयाचे. बाकी सारे संगणकावर घडवलेले. या कौशल्याला दाद दिलीच पाहिजे.

परंतु खरेपणाच्या हट्टापायी ज्यांनी सिंहाच्या चेहऱ्यावरचे हसू-रडूही पुसून टाकले, त्यांनी कथेला हात का लावला नाही? राजाच्या पोटी राजा जन्मतो. जिथवर उजेड पडतो तिथवर त्याचे राज्य. तरसांनी राहायचे हद्दीबाहेर, अंधारात, हाडांच्या ढिगाऱ्यात. ते आत आले की दुष्काळ पडतो, राजपुत्र परतला की पाऊस येतो. ज्याचे त्याचे स्थान ठरलेले आहे आणि तोच निसर्गाचा नियम आहे, असे वर समजावलेही जाते. गावकुसाबाहेरचे जिणे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांना या नियमाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

आता खरा निसर्ग काय सांगतो ते पाहू. सिंहाच्या कळपात कायम राहतात त्या एकमेकींच्या नात्यातल्या सिंहिणी, आणि बहुतेक शिकारही त्याच करतात. नर छावा दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला कळप सोडावा लागतो. बापाची गादी मुलाकडे जात नाही. तरसाची गोष्टही तशीच. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात टांझानियातील सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो येथे तरसांचा रात्ररात्र जागून अभ्यास केला. ठिपकेदार तरस आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात आणि कित्येकदा सिंहच त्यांची शिकार हिसकावतात, असे त्याला दिसले. म्हणजे उष्ट्यावर जगणारा म्हणून ज्याची हेटाळणी झाली तो कष्टकरी निघाला!

कार्टून पाहताना मुलाला ठाऊक असते की ही गोष्ट आहे. तीच गोष्ट हुबेहूब प्राण्यांच्या तोंडी घातली की ती गोष्ट राहत नाही, ‘जग असेच असते’ असे वाटू लागते. आम्हाला धोका दिसतो तो इथे. माणसाने रचलेली उतरंड निसर्गाच्या नावावर खपवणे ही जुनीच चाल आहे.

हे जग ज्यांनी घडवले ते हातही पडद्यावर दिसत नाहीत. काम एमपीसी या कंपनीचे. तिच्या लंडनच्या कलाकारांसोबत बंगळुरूच्या कलाकारांनीही या चित्रपटासाठी राबून काम केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मालक कंपनी टेक्निकलर कोसळली आणि भारतातील हजारो कलाकारांच्या नोकऱ्या गेल्या. चित्रपटाने जगभरात दीडशे कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला होता, तो त्यांच्या कामी आला नाही.

याच चित्रपटात सिंहाच्या झोपेचे एक गाणे आहे. त्याचे मूळ ‘म्बुबे’. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा याने ते १९३९ साली ध्वनिमुद्रित केले. त्याचे हक्क गेले अवघ्या १० शिलिंगांना. त्या सुरांवर इतरांनी अमाप पैसा कमावला आणि लिंडा १९६२ साली गरिबीत मेला. पण त्याच्या मुली गप्प बसल्या नाहीत. २००४ साली बलाढ्य डिस्नेवर खटला गुदरला गेला, २००६ साली तडजोड झाली आणि वारसांना त्यांचा वाटा मान्य करावा लागला.

आज आपली अनेक मुले कर्ज काढून अॅनिमेशन शिकत आहेत. त्यांनी जरूर शिकावे, सिंहाचा केसन् केस घडवावा. मात्र सही करण्यापूर्वी करार वाचावा, कामाचे तास आणि मोबदला विचारावा, सहकाऱ्यांसोबत संघटित व्हावे. आणि कधी स्वतःची गोष्ट सांगायची संधी मिळाली, तर हद्दीबाहेरच्या तरसाच्या बाजूने ती एकदा सांगून पाहावी.